विचारा ताईला : सांधे आखडलेत, कॉलेज चालूच आहे

या वेळच्या टपालात तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न (सासूबाई, होम लोन आणि शेजारच्यांची मांजर) पुढच्या अंकात. रागवू नका.

पत्र पहिलं

ताई नमस्कार, मी फलटणजवळच्या एका गावातली, पुण्यात हॉस्टेलला राहून एस. वाय. बी. एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन. बारावीनंतरच्या सुट्टीत दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली, आधी वाटलं मोबाईलमुळे असेल, मग मनगटं, मग घोटे. रक्त तपासलं तर आमवात निघाला, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणाले. दीड वर्ष गोळ्या चालू आहेत, आधीपेक्षा बरं आहे पण सकाळी तास-दीड तास मूठच वळत नाही. हॉस्टेलला तिसरा मजला, कॉलेजात लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर बोर्ड 'फक्त शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी'. आठवड्याची गोळी रविवारी रात्री घेते, सोमवारी दिवसभर मळमळतं आणि नेमकं सोमवारीच साडेसातला प्रॅक्टिकल. मागच्या सेमला टायट्रेशन करताना बुरेटची (थेंब-थेंब द्रव सोडायच्या काचेच्या नळीची) चावी फिरेना, जोर लावला तर एकदम फिरली आणि सगळं गडद गुलाबी झालं, सर सगळ्यांसमोर म्हणाले, मेंदी लावलीय का हाताला? सगळे हसले, मीपण हसले. पेपरला शेवटचा प्रश्न दर वेळी राहतो. हजेरी ६८ टक्के. आई म्हणते कॉलेजात कुणाला सांगू नको, गावात कळलं की स्थळं येणार नाहीत, त्यापेक्षा बाहेरून कर. मामा म्हणतो ह्या वयात कसला संधिवात, फ्रीजचं पाणी बंद कर. पेपर लिहून द्यायला रायटर घेतला तर पोरं म्हणतील नाटकं करते, कारण चांगल्या दिवशी मी बॅडमिंटनपण खेळते. माझं अपंगत्व ४० टक्के भरेल का तेही माहीत नाही. मी करू काय?

उत्तर

अगं, सरांचं नंतर बघू, आधी ते 'मीपण हसले' बघू, कारण मीसुद्धा अशीच हसायचे. मला हे दुखणं १९९२ साली लागलं, टी. वाय.ला होते, आणि अख्खं वर्ष मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. पेन धरवायचं नाही म्हणून भावाच्या सायकलची जुनी ट्यूब कापून पेनला गुंडाळली होती, मैत्रिणींनी विचारलं की सांगायचे, स्टाईल आहे. एका पेपरला अडीच तासांनी हात असा लॉक झाला की उजव्या हातातलं पेन डाव्या हाताने सोडवून काढलं. सोळा मार्कांचा प्रश्न होता, तोंडपाठ होता, आणि मी अर्धा तास कोऱ्या पानाकडे बघत बसले. सुपरवायझर बाई येऊन म्हणाल्या, झालं असेल तर दे पेपर. दिला. आता त्यांना तरी काय माहीत, मी सांगितलंच कुठे होतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सांगायचं, पण गावभर नाही आणि तोंडी तर नाहीच नाही. कागदावर सांगायचं, ज्या दोन-तीन माणसांच्या हातात काही आहे त्यांनाच सांगायचं, आणि परीक्षेच्या दोन महिने आधी सांगायचं. आपल्याकडे पोरी काय करतात, रडकुंडीला येईपर्यंत गप्प बसतात आणि मग पेपरच्या आदल्या दिवशी आईला घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभ्या राहतात, आणि तेव्हा प्राचार्यांची इच्छा असली तरी त्यांना काही करता येत नाही, हॉलतिकीट निघालेलं असतं, ब्लॉक लागलेले असतात.

आता अर्ज. अर्जात दुःख लिहायचं नाही, काम लिहायचं. 'मला फार त्रास होतो तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा' असं लिहिलंस की वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि कागद फायलीत जातो. त्यापेक्षा असं लिही : मला अमुक आजार आहे, सोबत संधिवाततज्ज्ञांचं पत्र जोडलंय, सकाळी नऊच्या आधी माझे हात चालत नाहीत, म्हणून मला सोमवारची सकाळची बॅच बदलून दुपारची मिळावी, लिफ्ट वापरायची लेखी परवानगी मिळावी, लॅबमध्ये बसायला उंच स्टूल मिळावं, जर्नल हाताने लिहिण्याऐवजी टाइप करून चालावं, आणि लेखी परीक्षेत जादा वेळ मिळावा. बास. ह्यातलं प्रत्येक वाक्य असं आहे की त्यावर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. दोन प्रती काढ, एक ऑफिसात दे, दुसरीवर इनवर्डचा शिक्का, नंबर आणि तारीख घे. ती पोच म्हणजे तुझं खरं औषध! क्लार्क म्हणेल ठेवून जा, सरांना देतो. ठेवून जायचं नाही, शिक्का मारेपर्यंत तिथेच उभं राहायचं. (घोटे दुखत असतील तर खुर्ची मागून बसायचं, पण उठायचं नाही.) डॉक्टरांकडूनही नुसतं 'सदर पेशंट उपचार घेत आहे' असं घेऊ नकोस, त्याने काही होत नाही, 'सलग लिहिणं, जिने चढणं, जास्त वेळ उभं राहणं टाळावं' असं स्पष्ट लिहून घे.

४० टक्क्यांचं भूत तुझ्यासारख्या बऱ्याच जणींच्या मानेवर बसलंय म्हणून जरा नीट सांगते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात संधिवात हे नाव नाही, पण सांध्यांची हालचाल कायमची कमी झाली असेल तर ती अस्थिव्यंगात मोजतात. ४० टक्के आणि त्याच्या वर असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव, वयात ५ वर्षांची सूट वगैरे. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. तुझं दुखणं दीड वर्षाचं आहे आणि गोळ्या लागू पडतायत, म्हणजे कदाचित ४० भरणारही नाही, आणि खरं सांगू का, न भरलेलंच बरं, ते टक्के म्हणजे काही मेरिट लिस्ट नाही.

पण ४० नाही म्हणून काहीच नाही, असं मात्र नाही, आणि हे कॉलेजच्या ऑफिसात बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एका मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला लागलं की हातच आखडायचा, तो यूपीएससीला बसला, रायटर मागितला, तर ४० टक्के नाहीत म्हणून नाही म्हणाले. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल लागला, निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं, त्यात स्पष्ट आहे की लिहिण्याची अडचण असेल तर ४० टक्क्यांची अट रायटरच्या आड आणता येणार नाही. त्यानंतर केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ ला ४० च्या खालच्या लोकांसाठी वेगळ्या सूचना काढल्या, त्यात सरकारी दवाखान्यातलं सर्टिफिकेट लागायचं, आणि जादा वेळ तासाला कमीत कमी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्या सूचना मुख्यतः भरतीच्या, स्पर्धा परीक्षांसाठी होत्या, विद्यापीठांची आपापली परिपत्रकं असतात, त्यामुळे तुझ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून चालू परिपत्रकाची कॉपी माग. पण अर्जात त्या निकालाची तारीख आणि २०१६ च्या कायद्याचा उल्लेख टाक, कागदाचं वजन वाढतं.

रायटर घ्यायचा का, तर मी तुझ्या जागी असते तर आधी नुसता जादा वेळ मागितला असता. केमिस्ट्रीत स्ट्रक्चर्स काढायची, बाण दाखवायचे, समीकरणं मांडायची, ते दुसऱ्याला सांगून काढून घेणं हे वेगळंच कसब आहे, त्याची सवय लागते, आणि तुला सांगत बसण्यात जास्त वेळ जाईल. जादा तासात दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मांडीवर सैल सोडायचे, मग लिहायचं. आणि जाड ग्रिपचं पेन घे, आता दुकानात मिळतं, ट्यूब कापायची गरज नाही. मात्र बोटं वाकायला लागली असतील तर हट्ट करू नकोस, रायटरची परवानगी आत्ताच काढून ठेव, वापरायची की नाही ते त्या दिवशी सकाळी ठरव.

आता बॅडमिंटन. हा आजार असाच असतो गं, मंगळवारी स्मॅश मारता येतो आणि गुरुवारी टूथपेस्टचं झाकण उघडत नाही, आणि लोकांना वाटतं दोन्हीतलं एक खोटं असणार. ह्यावर भांडत बसू नकोस. भिंतीवर कॅलेंडर असेल ना हॉस्टेलच्या खोलीत, त्यावर रोज रात्री एक आकडा लिही, सकाळी हात किती मिनिटांनी सुटले तो. तीन महिन्यांनी ते पान डॉक्टरांनाही दाखव, कारण तिथे गेल्यावर कसं आहे विचारलं की आपण ठीक आहे म्हणतो, आणि कॉलेजने विचारलं तर तेच पान तिथेही चालतं.

बुरेटचं एक राहिलं. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं तर आजाराबद्दल अवाक्षर नाही, पहिला प्रश्न, काचेची चावी होती का? त्यात कॉस्टिक भरलं होतं का? कारण म्हणे काचेच्या चावीच्या बुरेटमध्ये कॉस्टिक सोडा भरून ठेवला की ती चावी चिकटतेच, धडधाकट हातांनाही फिरत नाही. टेफ्लॉनची चावी असलेली बुरेट माग म्हणाला, बोटाने हलकी फिरते, बहुतेक लॅबमध्ये असतात, कपाटात ठेवलेल्या असतात. आणि पिपेटचा रबरी बल्ब दाबवत नसेल तर पार्टनरने भरून द्यायचं, तू रंग बघायचा, रीडिंग घ्यायचं, कॅल्क्युलेशन करायचं. तर मेंदी तुझ्या हाताला नव्हतीच, झालाच असेल तर अर्धा दोष बुरेटचा होता, हे सरांना सांगायची गरज नाही पण तुला माहीत असू दे.

गोळीबद्दल मी डॉक्टर नाही, तरी दोन गोष्टी बोलतेच. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी, मेथोट्रेक्सेट असणार, तिचा वार बदलता येतो का ते डॉक्टरांना विचार, शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री घेतली तर मळमळ सुट्टीत जाते आणि सोमवारचं प्रॅक्टिकल वाचतं. फॉलिक ॲसिड कधी घ्यायचं तेही विचारून घे. पण ती आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, तेव्हा डबीवर मार्करने वार लिहून ठेव, आणि रक्त तपासायची तारीख परीक्षा आहे म्हणून पुढे ढकलू नकोस. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणं आणि मामाने आणलेल्या बिननावाच्या पुड्या खाणं, दोन्ही नको. असल्या पुड्यांत स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार डॉक्टरांना नवीन नाहीत, आठ दिवस घोड्यासारखं पळतं माणूस आणि मग तोंड सुजतं. फ्रीजचं पाणी पी खुशाल.

सकाळी हॉस्टेलला गरम पाणी असेल तेव्हा आंघोळीआधी मगात कोमट पाणी घेऊन पाच-सात मिनिटं हात बुडवून बस, आत मूठ उघड-मीट कर, गोळीइतकाच फरक पडतो असं मी म्हणणार नाही पण दाराची कडी तरी उघडते. आणि रेक्टरना तळमजल्याची खोली माग, तोही अर्जच, तीच पद्धत, शिक्क्यासकट.

हजेरी ६८ म्हणजे ७५ ला सात कमी. डिटेनची, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याची, यादी लागल्यावर मेडिकल जोडलं की सगळ्यांना संशय येतो, दवाखान्यात गेलेल्या दिवसांचे केसपेपर आत्ताच जोड आणि हजेरीत सूट मागणारा अर्ज वेगळा दे, वरच्या अर्जात मिसळू नकोस.

राहिली आई. बाहेरून कर म्हणते ते वाईट नाही, मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ पासून आहे आणि त्यातून कितीतरी बायका ग्रॅज्युएट झाल्यात, पण तुझं प्रॅक्टिकलचं सायन्स आहे आणि तुला लॅब आवडते हे पत्रात दिसतंय, एरवी कुणी गडद गुलाबी रंग लक्षात ठेवत नाही. लाजेपोटी सोडू नकोस. आईची भीती मात्र खोटी नाही, आपल्याकडे स्थळं अशीच मोडतात, मला दोन नकार ह्याच कारणावरून आले आणि दुसऱ्या नकाराच्या वेळी तर पोहे खाऊन झाले होते. पण लपवून जमवलेलं लग्न पहिल्या थंडीतच उघडं पडतं, सकाळी साडेसहाला चहाचं भांडं उचलत नाही तेव्हा. आईला एकदा सोबत डॉक्टरांकडे ने, तुझ्या तोंडून नाही पटायचं ते पांढऱ्या कोटाकडून पटतं. मूलबाळ होतं का हेही तिला तिथेच विचारू दे, होतं, फक्त ती आठवड्याची गोळी गरोदरपणात चालत नाही, आधीपासून डॉक्टरांशी बोलून बदलावी लागते.

पत्र दुसरं

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा, वय २०. पहाटे चारला कंबर धरून जाग यायची, फिरलं की बरं वाटायचं, दोन वर्षं सगळे म्हणत होते जिम कमी कर. शेवटी ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या मणक्यांचा संधिवात) निघाला, त्याची रक्तातली खूण एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. वर्कशॉपला तीन तास उभं आणि लेक्चरला त्या लाकडी बाकावर तीन तास बसणं, दोन्ही जमत नाही. ब्रँच बदलू का?

उत्तर

ब्रँचने कंबर बदलत नाही बाबा. तुझं दुखणं पडून राहिलं की जास्त होतं, म्हणून तुझ्यासाठी नियम एकच, एका जागी गोठून राहायचं नाही. शेवटच्या बाकावर कडेला बस आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला मागे जाऊन दोन मिनिटं उभा राहा, सरांना वर्ष सुरू होतानाच सांगून ठेव म्हणजे पोरगं टाइमपास करतंय असं वाटणार नाही. वर्कशॉपला स्टूल माग, फायलिंगला पाठ वाकवून तासभर घासू नकोस, जॉब व्हाइसमध्ये उंच लाव. अर्ज कसा लिहायचा ते वर आहे, पहिल्या पत्रातल्या मुलीचा वाचून आपला कर. व्यायाम हा तुझ्या औषधाचाच भाग आहे, फिजिओने शिकवलेला रोज कर, पोहता येत असेल तर सोन्याहून पिवळं. टपरीवर सिगरेट ओढत असशील तर बंद कर, ह्या आजारात ती फार नडते. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर आले असतील डोळे म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणू नकोस, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, तो ह्याच आजाराचा चुलतभाऊ असू शकतो.

दोन वर्षं जिमला बोल लावला त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

पत्र तिसरं

माझ्या रूममेटला संधिवात आहे, मदत केली तर तिला राग येतो, नाही केली तर मला वाईट वाटतं. कसं वागू?

उत्तर

'करू का?' असं विचारलंस की ती नाहीच म्हणणार, मीपण म्हणायचे. बाटलीचं झाकण नुसतं सैल करून ठेव, काढून नको, शेवटचा फेरा तिचा तिला फिरवू दे. जिन्यात तिच्या पुढे पळू नकोस आणि मागे थांबून वाटही बघू नकोस, मोबाईल काढ आणि तिच्याच स्पीडने उतर. लेक्चर बुडालं तर नोट्सचे फोटो न विचारता पाठव, त्यावर बिचारीचा इमोजी नको. आणि गरम पाण्याची बादली तू आणतच असशील तर अर्धीच भर, तिला ती इकडून तिकडे सरकवता आली पाहिजे.